चौतीसातली एकोणिसावी

गाडी आली तेव्हा दुपारचे पावणेदोन,
हिंगणा रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं.
वारजूरकर सरांनी काच खाली केली, म्हणाले,
"लाल त्रिकोण पुन्हा येऊन राहिला बाप्पा.
शोरूमवाले म्हणतात, अख्खी बॅटरीच बदला.
तेवढ्यात तर दुसरी गाडी येते!"

बारा वर्षांची हायब्रिड.
काटा सिग्नलला भरलेला,
उड्डाणपुलाच्या चढावर रिकामा,
उतरताना परत भरलेला.
इतकं खोटं बोलणारी बॅटरी मेलेली नसते.
मेलेली खोटं बोलत नाही.

तक्षशिलानं स्कॅनर लावला.
आयटीआयहून येऊन तिला सातच महिने झालेत,
पण आकडा पाहून तिची भुवई चढते, तिथं मी थांबतो.
"दादा, दहा नंबरचा ब्लॉक पडून राहिला."

केशरी प्लग ओढून काढला, खिशात ठेवला,
मग दहा मिनिटं काहीच करायचं नाही.
हा कामाचा सगळ्यात अवघड भाग.
अडीचशे व्होल्ट दिसत नाहीत,
त्यांना वास नाही,
आणि चुकलात तर सांगायला तुम्ही उरत नाही.
आम्ही मठ्ठा प्यायलो. सर दगडांबद्दल बोलत राहिले,
तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस,
त्यांना दहा मिनिटं म्हणजे काय.

मागच्या सीटशेजारची जाळी उघडली
आणि पंख्याच्या तोंडातून निघालं वुडवूल.
मूठभर, मग अजून मूठभर.
दर एप्रिलात सर कूलरच्या ताट्या
ह्याच सीटवर टाकून आणतात.
घर गार करणारं गवत
गाडीनं नाकात ओढून घेतलं होतं,
वर्षाला थोडं थोडं, कुरकुर न करता.
सर बघत राहिले. "म्हणजे मीच?"
मी म्हटलं, "थोडे तुम्ही, थोडा मे महिना."

तांब्याच्या पट्ट्यांवर मोरचुदी बुरशी.
चौतीस कांड्या टेबलावर मांडल्या,
प्रत्येकीला दोन मिनिटं हेडलाईटचा बल्ब लावला.
सात पूर्णांक सहा. सात पाच. सात सहा.
एकोणिसावीवर बल्ब आधी पिवळा झाला,
मग नारिंगी,
मग नुसती तार दिसली.

कडेच्यांना थोडा तरी वारा लागतो.
मधल्या एकमेकींच्या उष्णतेत उकडत असतात
आणि कोणी विचारलं तर आकडा बरा सांगतात.
मी तिघा भावांतला मधला,
म्हणून नाही म्हणत,
वहीत लिहिलेलं आहे.

नवीकोरी घालायची नसते.
नवी जोरात असते, जुन्यांना ओढत नेते,
आणि महिन्याभरात सगळ्याच धापा टाकतात.
हवी तेवढीच झिजलेली.
यशोधरानगरात मुनव्वरभाईंच्या भंगारात
एक ठोकलेली मिळाली, त्याच सालची.
मागची काच शाबूत. काचेवर
कोणाच्या तरी शाळेचं स्टिकर.
मी ते वाचलं नाही.

रात्री सगळ्यांना एका तारेत बांधलं,
धन धनाला, ऋण ऋणाला,
आणि शटर ओढलं.
अशा वेळी मीटर लागत नाही, चार्जर लागत नाही.
जिच्याकडे जास्त ती देते,
जिच्याकडे कमी ती घेते,
अंधारात, आवाज न करता,
उपकार कोणाचे ह्याची नोंद नाही.
सकाळी तक्षशिला एकेकीवर मीटर टेकवत गेली,
सात एकाहत्तर, सात एकाहत्तर, सात एकाहत्तर,
आणि चौतिसावीला हसली.

"किती दिवस चालंन?" सरांनी विचारलं.
"हा उन्हाळा. पुढचा, कदाचित.
विसावी पण तिच्याच शेजारी बसली होती जी,
तिचं मी काही सांगत नाही."
सरांनी मान हलवली. पैसे मोजले, दोनदा.
मग म्हणाले, "ताट्या आता रिक्षानं आणीन."

इंजिन न लावता गाडी सरकली,
नुसत्या विजेवर, तेलाच्या डागांवरून, उन्हात.
दारात झोपलेल्या आमच्या कुत्र्याला
काही ऐकूच आलं नाही.
सरांना हॉर्न वाजवावा लागला.